कडंच्या मेंढ्या

सिद्धेश्वर, ता. औंढा
२० नोव्हेंबर २०२३

चि. बजरंग,

बोलणार मी, तुझी आजी पंचफुलाबाई, आन् लिहिणार तुझी माय. मी बोलीन तसंच लिही म्हणून सीमाला दम दिलाय. ती मान हालवते, पण कागदावर काय उतरवते ते देवाला ठाऊक. मला समदे अक्षर सारखेच, मुंग्या चालल्यावानी. म्हणून तू उत्तर धाडशील तवा आधी मी काय सांगितलं व्हतं ते परत सांगत जा, म्हंजे सुनेनं काय गाळलं ते मला कळंल.

फोनवर बोल म्हणतोस. लेकरा, फोन कानाला लावला की बाटलीत माशी अडकल्यावानी ऐकू येतं. तू तिकडून जेवलीस का इचारतोस आन् मी इकडून पाऊस न्हाई म्हणते. तुझी माय कानाशी वरडून चिठ्ठी वाचते तेच बरं. दोनदा वाचून घेता येते.

तुझा टीव्ही आला. तुझ्या बापानं, परमेश्वरानं, खोकं उघडलं आन् म्हणला, "आरं, हा तर वाकला. वाटंत मोडला." टेम्पोवाला म्हणला, हा असाच असतोय. तुझा बाप त्याच्याशी भांडायला उठला, पण एका हातात कुबडी घेऊन भांडण जमत न्हाई म्हणून बसला. मग तुझी माय म्हणली, बजरंगनं सांगितलंय, वाकडाच पाठवून राहिलो म्हणून. काहून रे? पुण्याच्या दुकानात सरळ टीव्ही संपले व्हते, का आजी वाकली म्हणून टीव्ही बी तसाच धाडला?

बाज त्याच्या बराबर समोर मांडली आन् मला मधी बसवलं. आता घरात माझा मान एवढाच राह्यलाय, मधी बसायचा. क्रिकेट पाहायला तांड्यावरचा उत्तमसिंग आला, त्याच्या मागं आणखी माणसं. जागा न्हाई म्हणून उत्तमसिंग दाराजवळ कडंला बसला आन् म्हणतो, "मावशी, इकडून तर बॉलर नुस्ता लांबोडका दिसून राहिला, आन् तिकडचा बॅटवाला चपटा." मी म्हणलं, फुकट पाहायला आलास, जसा दिसंल तसा पाहा. दिवसा दार उघडं असलं की उजेड काचंवर असा पसरतो, बादलीतलं पाणी सांडल्यावानी. मालिकेतल्या बाया मातर लई साफ दिसतात. तोंडाला लावलेली पावडर बी मोजून घ्यावी.

आता माझं काम सांगते. दसऱ्याच्या आधी गाडीवरून पडून परमेश्वराचा खुबा मोडला, तवापासून आपला कळप मसाजीकडं हाय. मसाजी माझा धाकटा दीर, त्याच्या हातात मेंढ्या सुखी असतात ते मला ठाऊक हाय. पण लग्नाला मी माहेरून दोन मेंढ्या आंदण आणल्या, तवापासून कळपाला पाहिल्याबिगर एवढे दिवस मी कवाच काढले न्हाईत. माझे गुडघे आता वसमतच्या रानापर्यंत जात न्हाईत. तू एवढा मोठा टीव्ही पाठवला, तर त्याच्यात मला माझ्या मेंढ्या दाखव. मालिकेतल्या बाया पाहून काय करू, त्या काय माझ्या हायत?

तुझी आजी


पुणे
२ डिसेंबर २०२३

ती. आजी,

नमस्कार. तू सांगितलंस तसं आधी उजळणी करतो. टीव्ही वाकडा का, बॉलर लांबोडका का, उजेड का पसरतो, आणि मेंढ्या दाखव. आईने काही गाळलेलं दिसत नाही.

टीव्ही मोडलेला नाही. त्याची काच दोन्ही कडांनी आपल्याकडे वळलेली असते, म्हणजे बरोबर मधे बसलेल्या माणसाला सगळं चित्र सारख्याच अंतरावर येतं. एकट्याने सिनेमा बघायला झकास. पण चार माणसं चार बाजूंना बसली की कडेच्याला एक बाजू चेपलेली दिसते आणि दुसरी ताणलेली, रंगही फिके. म्हणून कंपन्यांनी असले टीव्ही काढायचं जवळपास बंद केलं. आमच्या दुकानात तीन नग पडून आहेत. मालक म्हणाले, एक घेऊन जा आणि घरच्यांना विचार, कोणत्या कामाला कसा वाटतो. ते कळलं की बाकीचे कोणाला विकायचे ते ठरवता येईल. तेव्हा तू आमच्या दुकानाची परीक्षक. मालिका, क्रिकेट, कीर्तन, दिवसा, संध्याकाळी, सगळं बघ आणि सांग.

मेंढ्यांचा व्हिडिओ मसाजी आजोबांकडून मागवतो. आबा फोन जोडून टीव्हीवर लावतील.

तुझा बजरंग

माय, हे पान आजीला वाचून दाखवू नकोस.

आजोबांकडे आता अर्धाच कळप आहे, हे तिला कळता कामा नये. आबा पडले तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. सगळ्या मेंढ्या सांभाळणं एकट्या आजोबांना झेपेना आणि मला पुणं सोडायचं नव्हतं. खरं सांगायचं तर 'विकून टाका' हे आबा नाही म्हणाले, मी म्हणालो. व्यापाऱ्याला मीच बोलावलं. आपल्या घरात मेंढी विकायची तर आजीने तिच्या पाठीवरून हात फिरवून कपाळाला हळद लावल्याशिवाय दावं सुटत नाही. तिला विचारलं असतं तर एकही सुटली नसती. म्हणून ती तिच्या माहेरी गेली होती त्या आठवड्यात मी येऊन उरकलं. तिला कळलं तर ती माझ्याशी पुन्हा बोलणार नाही. आजोबांना सांगितलंय, जवळून घ्या, गर्दी दिसली पाहिजे.

बजरंग


सिद्धेश्वर
२४ डिसेंबर २०२३

चि. बजरंग,

परीक्षा घेतली. आता निकाल ऐक.

मालिकेला टीव्ही पास. बाई मधी उभी राहून रडते, ते बराबर दिसतं. तिची सासू कडंला उभी राहून काहीतरी कारस्थान करत असती म्हणं, ती मला दिसत न्हाई. सीमा सांगती तवा मान वळवून पाहावं लागतं. तवर सासू निघून गेलेली असती. माझ्या घरात मातर उलटं हाय, इथं सासू मधी बसती आन् सून कडंला. (आत्याबाईंनी हे लिहायलाच लावलं. सीमा.)

कीर्तनाला पास. महाराज एकटेच असतात आन् मधीच असतात.

क्रिकेटला नापास. चेंडू मधून निघतो आन् कडंला गेला की संपला. समदे वरडतात, चौका, चौका, आन् मी मधल्या रिकाम्या गवताकडं पाहत बसते. उत्तमसिंगला म्हणलं, तुला कडंला बसून लांबोडकं का व्हईना पण दिसतं तरी, मला मधी बसून बी दिसंना.

आता मेंढ्यांचं. परमेश्वरानं काल सांजच्याला लावलं. मसाजीचा आवाज न्हाई ऐकू आला मला, पण त्याचं घोंगडं पाहिल्यापाहिल्या वळखलं. बांडी दिसली. भुरी दिसली, तिच्या पोटाशी कोकरू हाय, हे मला कुणी सांगितलंच न्हाई. तोंड एवढं साफ की डोळ्यातलं चिपड बी दिसलं. मसाजीला सांग, भुरीचे डोळे धू म्हणावं.

पण बजरंग, कळप थोडा दिसून राहिला. मधल्या मेंढ्या हायत, कडंच्या न्हाईत. कानतुटी कुठं हाय? ती नेहमी उजव्या अंगाला, कळपाच्या भाईर चालती, लहानपणापासून तिची खोड. मी तीनदा लावायला लावलं. तीनदा बी न्हाई दिसली. परमेश्वराला इचारलं तर तो म्हणला, बजरंगला इचार, टीव्ही त्याचा हाय. सीमाला इचारलं तर ती चुलीकडं गेली. मग तूच सांग. माझा कळप कुठं गेला?

तुझी आजी


पुणे
५ जानेवारी २०२४

ती. आजी,

निकाल मिळाला. मालकांना वाचून दाखवला. ते सासू-सुनेच्या ओळीवर इतके हसले की चहा अंगावर सांडला.

मेंढ्यांची काळजी करू नकोस. सगळ्या आहेत. कडेच्या दिसत नाहीत हा टीव्हीचा दोष. वाकडा असल्यामुळे तो कडा खातो. चित्र मधे साफ ठेवतो आणि बाजूचं वळणात दडवतो. म्हणून क्रिकेटचा चेंडू जातो, म्हणून मालिकेतली सासू जाते आणि म्हणूनच कानतुटी गेली. तुझी नजर उत्तम आहे, भुरीच्या डोळ्यातलं चिपड दिसलं म्हणजे बघ. दोष सगळा काचेचा. कडेला जे दिसत नाही ते आहेच असं समज.

आजोबांना डोळे धुवायचं सांगितलं. भुरीचे.

तुझा बजरंग

माय, हे तुझ्यापुरतं. तिच्या पत्राने माझा जीव गेला होता. आता टीव्हीवर ढकललंय. तिने मानलं तर सुटलो. आबांनाही हेच सांगायला सांग, म्हणजे घरात दोन उत्तरं होणार नाहीत.


सिद्धेश्वर
१८ फेब्रुवारी २०२४

चि. बजरंग,

आधीच्या चिठ्ठीत तू म्हणला व्हतास, मधी बसल्याला समदं बराबर दिसतं. आता म्हणतोस, मधी बसलं तरी कडा जातात. सीमाला दोन्ही चिठ्ठ्या परत वाचायला लावल्या. ती म्हणली, माझ्या वाचण्यात चूक झाली आसंल. तिच्या वाचण्यात कवाच चूक व्हत न्हाई, पण आसो. तू त्या कामातला माणूस हायस, मी मेंढरातली बाई. तू म्हणतोस तर तसंच.

खरं सांगू, तुझ्या उत्तरानं मला बरं वाटलं. मी भलतंच काहीतरी मनात आणलं व्हतं. काय ते इचारू नको. आजीच्या मनात नातवाबद्दल तसं यायला नव्हतं पाहिजे.

आता टीव्हीची नवी तक्रार ऐक. तो मला लागलाय. मला आता घर बी वाकडं दिसून राहिलं. पाहत मी सरळ असते आन् दाराची चौकट डाव्या खांद्याला येऊन लागती. परवा पाण्याची घागर वाटंत ठिवली व्हती, कुणी ठिवली त्याचं नाव मी घेत न्हाई, पण ती आत्ता चिठ्ठी लिहून राहिली. ती घागर मी सांडली, वर मी बी सांडले. गुडघा फुटला. (मी रोज तिथंच ठेवते, रे. कधी लागली नाही. सीमा.) चहाची कपबशी माझ्या बाजूला ठिवून तुझी माय म्हणती, घ्या. मी म्हणते, कुठं हाय? ती म्हणती, हातापाशी. आम्ही दोघी हसलो. टीव्ही पाहून पाहून नजरंला वळण पडलं, असं मी उत्तमसिंगला सांगितलं, तर तो म्हणला, मावशी, मग मी बी कडंलाच बसत जातो, लांबोडका झालो तरी चालंल.

गल्लीतल्या बाया म्हणतात, म्हातारे, हा टीव्ही परत कर. मी म्हणलं, न्हाई. नातवानं पाठवलेला हाय. आन् कडंला जे दिसत न्हाई ते असतंच, असं त्यानं लिहून धाडलंय.

मसाजीचा दुसरा व्हिडिओ लावला. आता मी इचारत न्हाई कोण कुठं हाय. मधल्या पाहते आन् बाकीच्या मनानं धरते.

तुझी आजी


पुणे
३ मार्च २०२४

ती. आजी,

गुडघ्याला हळद लावलीस ना? आबांना सांगून ओट्यावर मोठा बल्ब लावून घे, अंधारात चालू नकोस. आणि टीव्हीपासून थोडी लांब बस. जवळ बसलं की डोळ्यांवर ताण येतो आणि मग उठल्यावर थोडा वेळ तसं होतं. चार दिवसांत जाईल.

दुकानातला दुसरा वाकडा टीव्ही परवा विकला गेला. एकटे राहणारे निवृत्त गृहस्थ होते, त्यांना म्हणालो, एकट्याला बघायला याच्यासारखा नाही. तुझ्या परीक्षेचा उपयोग झाला.

एप्रिलमध्ये यायचं होतं, पण लग्नसराईत रजा मिळणार नाही. दिवाळीला नक्की येतो.

तुझा बजरंग


सिद्धेश्वर
९ मे २०२४

बजरंग,

हे पत्र मी माझ्या मनानं लिहून राहिले. आत्याबाई बाहेर बाजेवर झोपल्यात. फोनवर सांगितलं असतं, पण बोलताना मला रडू येतं आणि मग तूच मला समजावत बसतोस. आज ते नको आहे.

मागच्या शुक्रवारी मसाजी मामा आले. कळप तांड्याजवळच्या रानात आणून दोन घास खायला घरी आले होते. आत्याबाई बाजेवर होत्या, मामा येऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसले. अगदी खांद्याला खांदा. गंमत करायची म्हणून बोलले नाहीत. आत्याबाई समोर बघून मला म्हणाल्या, "सीमा, मसाजी कवा येणार हाय? का रस्त्यातच कुणाकडं जेवायला बसला?" मला वाटलं त्याही गंमत करतात. मी हसले, मामाही हसले. मग आत्याबाई म्हणाल्या, "हसायला काय झालं, त्याची सवयच हाय ती." तेव्हा मामांचं हसणं थांबलं. त्यांनी हात आत्याबाईंच्या डोळ्यांच्या बाजूला नेला, हळूहळू पुढं आणला. हात पार नाकासमोर आला तेव्हा त्या दचकल्या. "आरं, तू हायस व्हय हितं."

सोमवारी त्यांना हिंगोलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. तुझे आबा अजून नीट चालत नाहीत म्हणून उत्तमसिंग भाऊजी आले सोबत. मशीनसमोर बसवून टिमटिम उजेड दाखवला, दिसला की बटण दाबा म्हणाले. आत्याबाई बटणावर बोट ठेवून बसून राहिल्या. फार कमी वेळा दाबलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेला. उजव्याने नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं, तेही साफ, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. गेलेलं परत येत नाही. थेंब रोज घातले तर आहे ते टिकवता येईल. सहा महिन्यांपूर्वी आणलं असतं तर बरंच जास्त राहिलं असतं.

मग त्यांनी मोठ्यानं विचारलं, "आजी, कधीपासून दिसत नाही कडेचं?"

त्या म्हणाल्या, "टीव्ही आला तवापासून. पण ते डोळ्याचं न्हाई, डाक्टर. टीव्हीचं हाय. वाकडा टीव्ही कडा खातो. माझ्या नातवानं लिहून कळवलंय, तो त्याच कामात हाय. कडंला जे दिसत न्हाई ते असतंच."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना वाटलं म्हातारी काहीतरी बडबडते. बजरंग, माझ्यानं ते सोसवलं नाही. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, आत्याबाई, टीव्ही चांगला आहे. त्यांना ऐकू आलं नाही. "आँ?" म्हणाल्या. मी परत म्हणाले. परत "आँ?" मग मी ओरडले. "टीव्ही चांगला आहे. कळपच कमी आहे. अर्ध्या मेंढ्या विकल्या." बाहेरच्या बाकांवरची माणसं दारात येऊन बघायला लागली. त्यांना पुन्हा नीट ऐकू आलं नसावं, म्हणून मला तेच परत ओरडून सांगावं लागलं. आपल्या घरातलं पाप मी असं सगळ्या दवाखान्याला दोनदा ऐकवलं.

आत्याबाई डॉक्टरांना म्हणाल्या, थेंब कसे घालायचे ते सुनेला दाखवा. बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसल्या. औंढा आल्यावर एकच विचारलं, "कानतुटी?" मी म्हणाले, मला नावं कळत नाहीत, आत्याबाई. हे खरंच आहे. मला कळत नाहीत.

तू मला म्हणाला होतास, टीव्हीवर ढकललं. मीही ढकललं. घागरीला लागून त्या पडल्या तेव्हा मी ते कागदावर लिहिलं, हसून. त्यांच्या डाव्या हाताला मी पाच महिने चहा ठेवते आहे, आणि त्या पाच महिने विचारताहेत कुठं आहे. दुसरं कोणाचं असं झालं असतं तर मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं असतं. पण कडेचं दिसत नाही म्हटलं की मला मेंढ्यांचीच भीती वाटायची, डोळे आठवायचेच नाहीत.

माय


पुणे
१४ मे २०२४

आजी,

हे पत्र आईने तुला सगळं वाचून दाखवावं. वेगळं पान नाही.

मेंढ्या मी विकल्या, स्वतः उभं राहून व्यापाऱ्याच्या गाडीत चढवल्या. आबांचा फक्त होकार होता. तुला न विचारता, तुझा हात फिरवून न घेता. आणि कळप कमी दिसतो असं तू म्हणालीस तेव्हा तुला बरोबरच दिसत होतं. कळप कमीच होता. पण मालिकेतली सासू, क्रिकेटचा चेंडू, हे दिसायला हवं होतं. टीव्हीमध्ये काही दोष नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत? दिवसभर मी हेच बघतो. मधे बसलेल्या माणसाला कडा दिसत नाहीत, असं मला गिऱ्हाईकाने सांगितलं असतं तर मी त्यालाच म्हणालो असतो, काका, आधी डोळे दाखवा. तू सांगितलंस तेव्हा मला फक्त माझी चोरी ऐकू आली.

काल तिसरा नग बघायला एक बाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, याच्या कडा नीट दिसतात ना? मी मालकांना हाक मारली. मागे जाऊन बसलो.

मी येऊ का? तू नको म्हणालीस तर येणार नाही. पण नको असलं तरी कळव.

बजरंग


सिद्धेश्वर
२ जून २०२४

बजरंग,

उत्तराला उशीर झाला. रागानं न्हाई. राग व्हता, तो मी सीमावर काढला, तुझ्या बापावर काढला. तुझ्यासाठी ठिवलेला आता शिळा झाला.

सीमाला सांगितलंय, एक अक्षर गाळलंस तर थेंब घालून घेणार न्हाई. ती रडत लिहून राहिली, तर कुठं शाई पसरली असंल तर ते तिचं हाय, माझं न्हाई.

एक हिशेब तुला सांगते. तू तवाच खरं सांगितलं असतंस, तर मी तुला शिव्या घातल्या असत्या. चार महिने तुझं नाव काढलं नसतं. तू दिवाळीला आला असतास तर ताट लावलं नसतं. पण मग कवातरी कुणाच्या तरी लग्नात तू येऊन पाया पडला असतास आन् मी म्हणलं असतं, बस, जेव. एवढंच झालं असतं रे. तू एवढ्याला भ्यालास.

आन् मी बी भ्याले. फेब्रुवारीत मला तुझ्या दोन चिठ्ठ्यांतला फरक कळला व्हता. मी तो सोडून दिला. नातवानं मेंढ्या इकल्या असं मानण्यापरीस टीव्ही वाकडा हाय हे मानणं सोपं पडलं. मेंढरं राखताना एखादी मागं राह्यली असं मनात आलं, की मी मागं फिरून गेल्याशिवाय कवा राह्यले न्हाई. या खेपेला फिरले न्हाई. त्या बिचाऱ्या टीव्हीवर आपण समद्यांनी मिळून आळ घेतला. तुझ्या मालकाला सांग, परीक्षकच नापास हाय. उत्तमसिंगला समोर बसवून पाह्यलं, त्याला चारी कडा दिसतात. आता क्रिकेटला तोच मधी बसतो आन् मला म्हणतो, मावशी, तुझ्या जागंला लई मजा हाय. त्याला बसू दे.

परवा मी कळपाकडं गेले. मसाजीनं बैलगाडीत बसवून नेलं. पैल्यासारखं एका नजरंत कळप मावत न्हाई आता. एक मेंढी पाहायची, मान वळवायची, दुसरी पाहायची. तवर पैली हालते. म्हणून मसाजी एकेकीला धरून माझ्यासमोर आणत गेला. बांडी आली, भुरी आली, तिचं कोकरू आलं. मी तोंड पाहिलं, पाठीवर हात फिरवला, सोडलं. लई येळ लागला. मसाजी म्हणला, वयनी, ऊन लागंल. मी म्हणलं, लागू दे.

त्या संपल्या तरी मी मान वळवत व्हते. मला वाटून राहिलं, अजून असतील, उजव्या अंगाला, जिथं मला दिसत न्हाई तिथं उभ्या असतील. मसाजी म्हणला, झाल्या, वयनी. मी म्हणलं, नीट पाहा. तो म्हणला, एवढ्याच हायत. तरी मी उजवीकडं वळून पाह्यलं, आन् मग आणखी वळून. माझं मन अजून मानंना लेकरा. ज्या इकल्या त्या कोणत्या आन् ज्या मला दिसत न्हाईत त्या कोणत्या, हे मला आता येगळं करता येत न्हाई.

मसाजीला इचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. मी इचारलं न्हाई. ते त्याचं काम न्हाई.

तर तू ये. दिवाळी कशाला पाहतोस, सुटी मिळंल तवा ये. मालक न्हाई म्हणला तर सांग, परीक्षकाचं काम अर्धं राह्यलंय. थेंब चालू हायत, सीमा इसरत न्हाई. समोरचं अजून साफ दिसतं, तेवढ्यात ये. आपण दोघं कळपाकडं जाऊ. व्यापाऱ्याच्या गाडीत चढवताना तू तिथं व्हतास, मी नव्हते. तुला मेंढ्यांची नावं ठाऊक न्हाईत, तर कान, तोंड, रंग कसा व्हता ते मी सांगीन. कानतुटीपासून एकेक नाव मी घेते. तू माझ्यासमोर बस, जिथं तुझं तोंड मला दिसंल, आन् प्रत्येकीला गेली का हाय एवढं सांग.

तुझी आजी
पंचफुलाबाई